फिरती खुर्ची

मिशनच्या हॉलमध्ये फिटरने माझी कंबर मोजली आणि आकडा असा काही ओरडून सांगितला की मागच्या बाकावर बसलेल्यांनीही माना वर केल्या. मी स्वतः शिवणकाम करते. आजवर गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या कंबरा मोजल्या, पण आकडा कुणाच्या कानावर पडू दिला नाही. तोंडातल्या तोंडात पुटपुटते आणि खडूने कापडाच्या कडेला लिहून ठेवते. आणि हा पठ्ठ्या भाजीचा भाव सांगावा तसा ओरडत होता.

"हळू सांग की रे बाबा," मी म्हटलं. "लग्न जमवायचंय का माझं?"

"मावशी, खुर्ची सैल झाली तर पाठ वाकडी होईल, घट्ट झाली तर कातडी सोलेल. लाज बघू का माप बघू?"

मी मुकाट हात वर करून त्याला पुढचं माप घेऊ दिलं. असं माझ्या बाबतीत फारसं होत नाही.

माझे पाय लहानपणीच्या तापात गेले. तेव्हापासून मी चार चाकांच्या एका फळीवर बसून, दोन्ही हातांनी जमीन रेटत घरभर फिरते. घर माझ्या दादाचं. दादा दुकानांच्या पाट्या रंगवतो. वहिनी घर आणि दादा दोन्ही चालवते. त्यांची धाकटी मुलगी दिवसभर बोलत असते म्हणून तिला मिठू म्हणतात. थोरली लग्न होऊन परगावी गेली. फळी घरात झकास चालते, पण रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात फळी मागे राहते आणि मी एकटीच पुढे जाते. त्यामुळे बाहेरचं जग मला गिऱ्हाइकं सांगतील तेवढंच ठाऊक होतं.

मिशन म्हणजे चर्चच्या मागची एक लांबोडकी इमारत. परदेशातून पेट्या भरभरून खुर्च्यांचे सुटे भाग येतात, इथे ते जोडतात आणि ज्यांना चालता येत नाही त्यांना फुकट देतात. फुकट म्हटल्यावर वहिनीला लगेच संशय आला. "वन्सं, खुर्चीच्या बदल्यात चर्चला जावं लागेल का, ते आधी विचारून घ्या." मी फादरांना सरळ विचारलं. फादर म्हणाले, "आलात तर आनंदच आहे. पण आमच्या दाराला पायऱ्या आहेत आणि उतार बांधायचा राहिलाय, त्यामुळे तुम्ही म्हणालात तरी सध्या आत घेता येणार नाही." माणूस मला आवडला.

तिथे सगळ्यात वरच्या एक परदेशी बाई. उंच, लालबुंद आणि मायाळू. आपली भाषा त्या धर्माच्या जुन्यापान्या पुस्तकांवरून शिकल्या होत्या, त्यामुळे पाणी हवं का, असं विचारायचं असलं तरी "हे भगिनी, तू तृषार्त आहेस काय?" असं विचारत. त्यांना एक फोटो फळीवरचा हवा होता आणि एक खुर्चीतला, पैसे देणाऱ्यांना पाठवायला. पहिल्या फोटोत चेहरा दुःखी आणि दुसऱ्यात आनंदी असावा असं फोटोवाल्याचं म्हणणं. मी म्हटलं, मी दुःखी नाही, मला उकडतंय. शेवटी त्याने जो चेहरा मिळाला तो घेतला. मग फादरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना सुरू केली आणि ती इतकी मनापासून लांबवली की मला धडकीच भरली. देवाने चुकून ऐकलं आणि मी ताडकन उभी राहिले, तर खुर्ची हातची जायची.

खुर्ची माझ्या मापाने जोडून यायला काही आठवडे लागणार होते. दादा मला रंगाच्या डब्यांसोबत हातगाडीवर बसवून परत नेत होता, तेवढ्यात फाटकात इस्त्रीवाल्या काकू भेटल्या. फादरांचे झगे इस्त्रीला त्यांच्याकडेच असतात. काकू कपड्यांच्या घड्यांसोबत बातम्याही घरोघर पोचवतात, आणि कपड्यांपेक्षा बातम्यांना जास्त कडक इस्त्री करतात. मला तिथे बघून त्यांनी परदेशी बाईंना विचारलं, ही इकडे कशी? बाईंनी छातीवर हात ठेवून सांगितलं, "या भगिनीस आमच्या मिशनमध्ये खुर्ची प्राप्त झाली आहे. ती यास सर्वथा पात्र आहे."

झालं. खुर्ची प्राप्त झाली म्हटल्यावर आपल्याकडे माणूस काय समजतो?

दुसऱ्या दिवशी किराणावाल्याने सामान स्वतः घरी आणून दिलं आणि मला मॅडम म्हणाला. मी मागे वळून पाहिलं, तर मागे फक्त शिलाई मशीन होतं. मग नळ दुरुस्त करणाऱ्याची बायको आली. तिच्या मुलाला मिशनमध्ये कुठेतरी चिकटवता आलं तर बघा, म्हणाली. मी तिला समजावून सांगितलं, "अगं, तशी खुर्ची नाही. चाकांची खुर्ची आहे."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "साहेबलोकांची असते तशी. फिरती."

"फिरती नाही गं, चालती. मी बसायची आणि ती चालायची."

"ते मोठेपण आहे तुमचं," असं म्हणून ती पाया पडून गेली.

मी आणखी दोघातिघांना खरं सांगून पाहिलं. जितकं सांगावं तितकी मी साधी आणि निगर्वी ठरत गेले. गिऱ्हाइकं वाढली. पूर्वी ज्या बायका फळीवरून मी समोर आले की नजर छताला लावत, त्या आता खाली बसून बोलायला लागल्या. दादाचं तर विचारू नका. चौकातल्या पाटीवर रंगाचा हात मारता मारता तो शिडीवरूनच लोकांना सांगायचा, "बहिणीला विचारून बघतो, पण वचन देत नाही."

आणि अशातच मिठूचं लग्न निघालं.

मिठूला कुलूपवाल्याचा मुलगा आवडला होता. एकदा किल्ली आत राहून आमचं दार लागलं, तेव्हा तो उघडायला आला. दार पाच मिनिटांत उघडलं, पण त्यानंतर आमच्या घरातली कुलपं काही काळ रोज बिघडत होती. बोलणी लावून दिली इस्त्रीवाल्या काकूंनी. त्या आल्या आणि म्हणाल्या, "मुलीच्या आत्याला मिशनमध्ये खुर्ची मिळालीय म्हटल्यावर मुलाचे वडील उठूनच बसले. म्हणाले, रविवारीच येतो, आणि आत्याबाई घरी असतील ना, हे नक्की करा."

काकू गेल्या. वहिनी कणकेचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत होती.

"मी खरं सांगणार," मी म्हटलं.

"सांगा ना. मी कुठे नाही म्हणतेय," वहिनी म्हणाली. "लग्न ठरल्यावर सांगा."

"त्यांना वाटतंय मी मोठी कुणीतरी आहे. उद्या कळलं की ही फळीवर बसते, तर?"

"म्हणून तर म्हणते, एक दिवस. पोरीचं मन बसलंय तिथे, वन्सं."

आता इथे मला एक सांगितलं पाहिजे. थोरलीची बोलणी झाली तेव्हा मला आतल्या खोलीत बसवून दार ओढून घेतलं होतं. घरात अशी कुणी आहे म्हटलं की लोक रक्तात दोष शोधतात, असं वहिनीचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. 'तेवढं मशीन चालवू नका, आवाज जातो,' एवढंच ती मला म्हणाली. बाहेर कुणीतरी विनोद केला, सगळे हसले. मुलाकडच्यांनी विचारलं, घरात आणखी कोण कोण? त्यावर दादा क्षणभर थांबला आणि म्हणाला, एवढेच. मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. त्या मुलीची झबली मी शिवली होती, शाळेचे गणवेश मी शिवले होते, आणि त्या दिवशी तिने घातलेले कपडेही माझ्याच हातचे होते. तेव्हाच ठरवलं, मिठूच्या वेळी मी काही त्या खोलीत बसणार नाही.

म्हणून मी वहिनीला म्हटलं, "गप्प बसते. पण बाहेरच्या खोलीत बसणार."

"बाहेरच बसायचंय तुम्हाला," ती म्हणाली. "तुम्हालाच तर बघायला येतायत."

मला ते ऐकून बरं वाटलं. खोट्याच्या जिवावर का होईना, खोलीच्या मधोमध बसायला मिळणार होतं. पण मिठूचं लग्न आता माझ्या तोंडावर अवलंबून होतं, आणि माझं तोंड कसं आहे हे मला माहीत आहे.

रविवारला आम्ही हो म्हटलं, कारण त्या दिवशी मिशन बंद असतं असं दादाला खात्रीने वाटत होतं. तयारीत दादाने जरा अतीच केलं. टायपिंगच्या क्लासमधून त्याने मास्तरांची फिरती खुर्ची एका दिवसापुरती मागून आणली. अधिकारी बाई साध्या खुर्चीत शोभणार नाही, असं त्याचं मत. मला उचलून तीत बसवलं, पायांवरून शाल घातली, फळी आतल्या खोलीत नेऊन ठेवली. सगळं छान होतं. फक्त फिरत्या खुर्चीत बसणारा माणूस पाय जमिनीला टेकवून खुर्ची जागेवर धरतो, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी जरा हात हलवला की खुर्ची आपली निघाली.

कुलूपवाले आले. स्वतः कुलूपवाले, त्यांची बायको, आणि नवा कडक शर्ट घातलेला मुलगा. मी हात जोडायला गेले आणि हात जोडता जोडता भिंतीकडे तोंड करून बसले. वहिनीने पाहुण्यांना पाणी देता देता ढोपराने मला सरळ केलं.

"मॅडमना सतत विचार असतात," दादा म्हणाला. स्वतःच्या बहिणीला मॅडम म्हणताना त्याची जीभ अडखळली नाही, याचं मला कौतुक वाटलं.

चहा आला. कप घ्यायला मी उजवीकडे वाकले, खुर्ची डावीकडे वळली आणि कप कुलूपवाल्यांच्या बायकोने झेलला. तिने तो माझ्या हातात दिला. बाई पहिल्यापासून गप्प होती आणि तिची नजर माझ्या शालीवर होती. मी शाल घट्ट धरली.

इकडचं तिकडचं झालं. मिठू येऊन बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प राहिली. मग कुलूपवाल्यांनी घसा साफ केला आणि आवाज खाली आणला.

"आत्याबाई, बोलणी होतीलच. त्याआधी एक विनंती होती. मिशनमध्ये तुमचा शब्द चालतो म्हणतात."

"थोडाफार," दादाने माझ्या वतीने सांगितलं.

"एक खुर्ची आमच्या घरातही हवी होती."

आली का पंचाईत. अशी विनंती आली तर काय बोलायचं हे दादाने मला पढवलं होतं. दोन-चार प्रश्न विचारायचे आणि बघते म्हणायचं.

"शिक्षण किती?" मी विचारलं.

"कुणाचं?"

"ज्यांना खुर्ची हवी त्यांचं."

कुलूपवाले गोंधळले. "शिक्षण लागतं का त्याला? चौथीपर्यंत घरीच शिकवलंय."

"चौथीवर खुर्ची म्हणजे अवघड आहे," दादा म्हणाला.

"अहो, नुसतं बसायला तर हवीय."

"बसायलाच हवी असते सगळ्यांना," दादा म्हणाला. "पण इतकं उघडपणे कुणी सांगत नाही. तुमचा प्रामाणिकपणा आवडला."

"बरं, अनुभव?" मी विचारलं.

"कशाचा?"

"खुर्चीचा."

"खुर्चीचा काहीच नाही," कुलूपवाले म्हणाले. "जमिनीवर बसायचा आहे. जन्मापासून."

मी कप खाली ठेवला. हे काहीतरी वेगळं होतं. जमिनीवर जन्मापासून बसणारा माणूस कसा असतो, ते या खोलीत मला एकटीला माहीत होतं. मी पुढचा प्रश्न विचारणार, तेवढ्यात खुर्चीने मला पुन्हा भिंतीकडे नेलं आणि दारावर थाप पडली.

"हे गृहस्थांनो," बाहेरून आवाज आला, "आम्ही भगिनीचे आसन घेऊन आलो आहोत."

मिशन रविवारी बंद असतं, ही दादाची माहिती अर्धीच खरी होती. हॉल बंद असतो. पण सकाळची प्रार्थना झाली की सगळी माणसं एकत्र असतात, म्हणून घरोघरी खुर्च्या पोचवायचा दिवस रविवारच. दारात परदेशी बाई उभ्या होत्या, आणि फिटर चाकांची खुर्ची ढकलत आत घेत होता. निळी गादी, दोन मोठी चाकं, पुढे दोन छोटी, पाय ठेवायला पट्टी. माझी खुर्ची. मी तिच्याकडे पाठ करून बसले होते आणि मान वळवून वळवून बघत होते.

वहिनीचा चेहरा उतरला. दादा उठला आणि दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिला.

"पत्ता चुकला तुमचा," तो म्हणाला. "अशी खुर्ची लागणारं आमच्याकडे कुणी नाही."

परत तेच. तेव्हा 'एवढेच', आता 'कुणी नाही'. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण बाजूला मिठू खाली मान घालून बसली होती. मी दात दाबून धरले. परदेशी बाई गोंधळून फिटरकडे बघायला लागल्या. फिटरने मला पाहिलं, दादाला पाहिलं आणि काही न समजून खुर्ची मागे वळवायला घेतली.

आणि कुलूपवाले जागेवरून उठले. "थांबा," ते म्हणाले. "यांची नसेल तर आम्हाला द्या. आमच्या थोरल्याला लागते."

माझ्या तोंडातून शब्द कसे सुटले ते मला कळलंही नाही.

"हात लावू नका तिला. माझी आहे ती."

मी अजून भिंतीकडेच तोंड करून होते, म्हणून बाकीचं भाषण मी भिंतीवरच्या घड्याळाला केलं. "माझ्या कंबरेचं माप आहे ते. अख्ख्या हॉलला ओरडून सांगितलंय, विचारा त्याला. मी मिशनमध्ये कुणी मॅडम नाही. मला तिथे खुर्ची मिळाली ती ही. दुसऱ्याच्या मापाची खुर्ची तुमच्या मुलाला घेऊन जाल तर त्याची कातडी सोलेल. त्याला त्याची वेगळी मिळेल. आणि आता कुणीतरी मला सरळ करा."

मला सरळ केलं कुलूपवाल्यांच्या बायकोने. तिने शाल उचलली, नीट घडी घातली आणि बाजूला ठेवली. माझे पाय बघून तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "मला कप झेलला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली.

फिटरने निळी खुर्ची शेजारी लावून ब्रेक दाबले. मी हातांवर जोर दिला आणि सरकून तीत बसले. ती हलली नाही, वळली नाही, कुठेही निघाली नाही. मी आधी चाकांवर हात फिरवला आणि मगच सगळ्यांकडे पाहिलं.

"आम्ही तुम्हाला फसवायला म्हणून नाही," दादा सुरू झाला आणि तिथेच अडकला. रंगवायला दिली तर तीन वेशींवरून वाचता येईल अशी पाटी रंगवणारा माणूस, त्याला एक वाक्य पुरं करता येईना.

"आम्हाला कुठे फसवलंत," कुलूपवाले म्हणाले. "काकूंनी सांगितलं, तुमच्या बहिणीला मिशनमध्ये खुर्ची मिळाली. मिशन कसल्या खुर्च्या देतं ते मला ठाऊक आहे. त्या फाटकापर्यंत मी कितीदा जाऊन आलोय. मला वाटलं, त्यांना मिळाली तर त्या आमच्यासाठीही शब्द टाकतील. पण इथे शिक्षण आणि अनुभव ऐकल्यावर वाटलं, नियम बदलले असतील."

"फाटकापर्यंत जाऊन परत का आलात?"

ते जमिनीकडे बघत राहिले. "आत गेलं की मुलाला आणा म्हणतात. त्याला रस्त्यावरून न्यायचं म्हणजे लोक बघणार. धाकट्याचं अजून व्हायचं होतं. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही की थोरला आहे म्हणून. काकूंनाही माहीत नाही."

वहिनी मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. तिने कुलूपवाल्यांच्या बायकोचा हात धरला आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

"आम्हाला माहीत होतं," मिठू म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले.

"त्याने मला त्याच्या थोरल्या भावाचं सांगितलं होतं आणि मी त्याला आत्याचं. दार उघडायला आला त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस, कार्टे?" दादा म्हणाला.

"मला कुणी विचारलं?"

परदेशी बाईंना यातलं काही समजलं नव्हतं, पण सगळे एकदम बोलताहेत म्हणजे आनंद असणार असं धरून त्या डोळे मिटून आभार मानायला लागल्या. मी त्यांना मध्येच थांबवलं.

"बाई, आणखी एक माप घ्यायचंय. आत्ताच जाऊ."

"आत्ता?" कुलूपवाले म्हणाले. "आधी बोलणी तर होऊ द्या. तो काय, घरातच आहे."

"घरातच म्हणजे कुठे?"

उत्तर मला ठाऊकच होतं.

कुलूपवाल्यांचं दुकान तीन गल्ल्या पलीकडे. मी स्वतः चाकं फिरवत गेले. पहिल्याच वळणाला एका हाताने जास्त जोर लागला आणि मी किराणावाल्याच्या पोत्यांत शिरले. त्याने उठून नमस्कार केला, खुर्ची बघितली आणि त्याचा हात तसाच अर्ध्यावर राहिला. मी म्हटलं, "मॅडम म्हणत होतास ना, तिची खुर्ची ही," आणि पुढे निघाले. मागून दादा, वहिनी, कुलूपवाले नवराबायको, फिटर, परदेशी बाई आणि सगळ्यांच्या शेवटी मिठू आणि तो मुलगा. मिठूचं तोंड आता सुरू झालं होतं. लोक दारांत येऊन बघत होते. मीही त्यांना बघून घेतलं, कारण यातली निम्मी माणसं मला फक्त मापावरून माहीत होती.

दुकानामागे एक खोली होती आणि तिचं दार ओढून घेतलेलं होतं. "कडी नाही लावत हो," कुलूपवाले मला हळूच म्हणाले. "नुसतं ओढून घेतो." आतून कानस घासल्याचा आवाज येत होता. गावभरच्या किल्ल्या थोरलाच घासून देतो, असं त्याच्या आईने वाटेत सांगितलं होतं. पाहुणे येणार असले की त्याला तेही बंद ठेवायला सांगतात. आज पाहुणे घरी नव्हते, म्हणून त्याचं काम चालू होतं.

तिने दार ढकललं. चटईवर एक तिशीचा माणूस पाय एका बाजूला दुमडून बसला होता. मांडीवर लोखंडाचा भुगा. त्याने मान वर केली नाही.

"लवकर आलात," तो म्हणाला. "मोडलं वाटतं. माझं कळलं का त्यांना?"

उंबऱ्याला माझी पुढची चाकं अडली होती. फिटरने खुर्ची जरा मागे कलती करून मला आत घेतलं, तेव्हा थोरल्याने वर पाहिलं. आधी चाकं पाहिली, मग मला.

"मोडलं नाही," मी म्हटलं. "बोलणी थांबलीयत. मुलाचा थोरला भाऊ हजर नाही म्हणून. मी मुलीची आत्या. बोलवायला आलेय."

त्याच्या हातातली कानस तशीच राहिली. तो माझ्याकडे बघत होता, मी काही थट्टा करते आहे का हे शोधत होता. मी थट्टा पुष्कळ करते, पण तेव्हा करत नव्हते. मग त्याने मांडीवरचा भुगा झटकला आणि आईकडे बघितलं.

"मग मला शर्ट दे बदलायला."

ती धावत कपाटाकडे गेली. एक खण उघडला, मग दुसरा, मग खालची पेटी. तिचे हात भराभर चालत होते आणि मग चालेनासे झाले. घरात घालायचे जुने बनियन होते, उसवलेले दोन सदरे होते. त्याच्यासाठी बाहेर घालायचा शर्ट कुणी कधी शिवलाच नव्हता.

दारात उभ्या असलेल्या धाकट्याने आपल्या नव्या शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली. तो शर्ट त्याने भावाला घातला, बाह्या खाली ओढल्या आणि स्वतः बनियनवर चटईच्या कडेला बसला. परदेशी बाईंनी लाजून तोंड फिरवलं. मिठूने मात्र फिरवलं नाही.

फिटरने थोरल्याचं माप घेतलं आणि बोलणी तशीच, तिथेच झाली. थोरल्याने दोन प्रश्न विचारले, दोन्ही शहाणपणाचे होते, आणि दादाने त्या दोन्हींची उत्तरं खरी दिली.